तारा कृष्णविवराच्या फार जवळ गेला तर काय होतं? वही-पेन घेऊन पायरीपायरीने

‘कृष्णविवराने तारा गिळला’ अशी बातमी वर्षातून दोन-चार वेळा तरी येतेच. बातमी आतून वाचली की वेगळंच चित्र दिसतं. बहुतेक वेळा तारा गिळला जात नाही, तो आधी फाटतो. त्यातला साधारण निम्मा भाग कृष्णविवराच्या तावडीतून कायमचा निसटतो. उरलेला निम्मा परत येतो, आणि दुर्बिणीला दिसतो तो त्याचाच उजेड. खगोलशास्त्रात या घटनेला ‘टायडल डिसरप्शन इव्हेंट’ म्हणतात, थोडक्यात टीडीई.

मला या विषयाचं विशेष प्रेम आहे, कारण इथलं मुख्य गणित दहावीपर्यंतच्या बीजगणितावर चालतं. कृष्णविवराचं वस्तुमान, ताऱ्याचं वस्तुमान व आकार, आणि तारा किती जवळून गेला एवढं कळलं, तर काय घडलं असेल याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. खाली तो कसा काढायचा ते एका खऱ्या घटनेच्या आधाराने सांगतो. घटनेचं नाव एटी २०१९ क्यूआयझेड. ती जवळची आहे, लवकर सापडली, आणि चार वर्षांनंतरही तिने नवं काही दाखवलं.

हाताशी चार आकडे लिहून ठेवा. सूर्याची त्रिज्या ७ लाख किलोमीटर. पृथ्वी-सूर्य अंतर, म्हणजे एक खगोलीय एकक, १५ कोटी किलोमीटर. सूर्याच्या पृष्ठभागावरून सुटण्यासाठी लागणारा वेग सेकंदाला ६१८ किलोमीटर. आणि कृष्णविवराच्या घटना क्षितिजाची, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेची, त्रिज्या दर सौर वस्तुमानामागे (सूर्याच्या वस्तुमानामागे) साधारण ३ किलोमीटर.

पायरी १ : नाव आणि जागा वाचून घ्या

‘एटी’ म्हणजे आकाशात नव्याने दिसलेली, तात्पुरती चमकणारी वस्तू. पुढे वर्ष, आणि त्यापुढची इंग्रजी अक्षरं हा त्या वर्षातला अनुक्रम. आधी एका अक्षराची २६ नावं वापरली जातात, मग दोन अक्षरांची, मग तीन. त्यामुळे तीन अक्षरांचा अनुक्रम असा काढायचा : पहिल्या अक्षराचा क्रमांक गुणिले ६७६, अधिक दुसऱ्याचा गुणिले २६, अधिक तिसऱ्याचा. क्यू सतरावं, आय नववं, झेड सव्विसावं. बेरीज ११,७५२. म्हणजे २०१९ मध्ये नोंदवलेल्या नव्या चमकांपैकी ही ११,७५२वी. यातल्या बहुसंख्य वस्तू टीडीई नसतात. म्हणून ओळख पटवणं हे मोठं काम आहे, ते पुढे येईल.

ज्या दीर्घिकेत हे घडलं तिच्या कॅटलॉगमधल्या नावातच पत्ता आहे : विषुवांश (आकाशातले रेखांश) ४ तास ४६ मिनिटं, क्रांती (आकाशातले अक्षांश) उणे १० अंश १३ कला. मृग नक्षत्रातला रिगेल ५ तास १४ मिनिटं, उणे ८ अंशांवर आहे. म्हणजे ही जागा रिगेलच्या पश्चिमेला साधारण सात अंशांवर, एरिडॅनस तारकासमूहात. हात लांब करून मूठ धरली तर तिच्या रुंदीपेक्षा थोडं कमी अंतर. थंडीच्या रात्री महाराष्ट्रातून हा भाग चांगला वर येतो. दीर्घिका डोळ्यांनी दिसणार नाही, कारण ती सुमारे २१.५ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. तरी कुठे पाहायचं हे माहीत असावं.

पायरी २ : तारा कुठे फाटेल ते काढा

कोकणच्या किनाऱ्यावर भरती येते ती चंद्राच्या ओढीतल्या फरकामुळे. पृथ्वीची चंद्राकडची बाजू जास्त ओढली जाते, पलीकडची कमी. कृष्णविवराजवळ ताऱ्याचं हेच होतं. ओढीतला हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो : अंतर निम्मं झालं की फरक आठपट. तारा जवळ येता येता अशी एक जागा येते की हा फरक ताऱ्याच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाला भारी पडतो. त्या अंतराला भरती त्रिज्या म्हणतात :

भरती त्रिज्या = ताऱ्याची त्रिज्या × घनमूळ (कृष्णविवराचं वस्तुमान ÷ ताऱ्याचं वस्तुमान)

सूत्र लक्षात ठेवायचा एक मार्ग असा. कृष्णविवराचं सगळं वस्तुमान एका गोलात सारखं पसरलं आहे असं समजा. ज्या त्रिज्येवर त्या गोलाची सरासरी घनता ताऱ्याच्या सरासरी घनतेइतकी होते, तीच भरती त्रिज्या. म्हणून विरळ, फुगलेले तारे लांबूनच फाटतात आणि घट्ट तारे खूप आतपर्यंत टिकतात.

आपल्या घटनेत कृष्णविवर सुमारे १० लाख सौर वस्तुमानाचं होतं आणि तारा साधारण सूर्याएवढा. दहा लाखांचं घनमूळ १००. सूर्याची त्रिज्या गुणिले १०० म्हणजे ७ कोटी किलोमीटर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या निम्म्याहून थोडं कमी.

आता हेच आपल्या आकाशगंगेच्या केंद्रासाठी करा. तिथल्या सॅजिटेरियस ए-तारा या कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांइतकं आहे. घनमूळ साधारण १६३, म्हणून भरती त्रिज्या ११ कोटी किलोमीटरच्या थोडी वर, शुक्राच्या कक्षेएवढी. एस-टू नावाचा तारा मे २०१८ मध्ये त्याच्या सगळ्यात जवळून गेला तेव्हाही १२० खगोलीय एककं, म्हणजे १,८०० कोटी किलोमीटर दूर होता. तो सूर्यापेक्षा बराच मोठा असल्याने त्याची स्वतःची भरती त्रिज्या जास्त आहे, पण तीही दोन-तीन एककांपलीकडे जात नाही. म्हणून दर सोळा वर्षांनी येऊनही त्याला काही झालेलं नाही. ‘फार जवळ’ म्हणजे किती, याचा अंदाज इथे नीट येतो.

पायरी ३ : क्षितिजाशी तुलना करा

ही पायरी बातम्यांमध्ये हमखास गाळली जाते, आणि खरी गंमत इथेच आहे. घटना क्षितिज वस्तुमानाच्या सरळ प्रमाणात वाढतं, भरती त्रिज्या मात्र घनमुळाच्या प्रमाणात. म्हणजे कृष्णविवर मोठं होत गेलं की क्षितिज भरती त्रिज्येला गाठतं आणि मागे टाकतं.

दहा लाखांच्या कृष्णविवराचं क्षितिज ३० लाख किलोमीटर, भरती त्रिज्या ७ कोटी. तारा क्षितिजाच्या तेवीसपट दूर असतानाच फाटतो, म्हणजे सगळा प्रकार उघड्यावर घडतो. आता एम ८७ दीर्घिकेतलं प्रसिद्ध कृष्णविवर घ्या : ६५० कोटी सौर वस्तुमान. क्षितिज सुमारे १,९५० कोटी किलोमीटर, सूर्यासारख्या ताऱ्याची भरती त्रिज्या सुमारे १३० कोटी. तारा अखंड असतानाच क्षितिजाआड जाईल. उजेड नाही, अवशेष नाहीत. तिथे ‘गिळला’ हे अक्षरशः खरं असेल, पण ते आपल्याला कधी दिसणार नाही.

सूर्यासारख्या ताऱ्यासाठी ही सीमा १० कोटी सौर वस्तुमानाच्या आसपास येते. तिला हिल्स वस्तुमान म्हणतात. जॅक हिल्स यांनी १९७५ मध्ये ही कल्पना मांडली. ताऱ्याचा प्रकार बदलला की सीमाही सरकते. श्वेतबटूचा, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गाभ्याचा, आकार पृथ्वीएवढा आणि वस्तुमान सूर्याच्या निम्म्याच्या पुढे. तो फाटताना दिसायचा तर कृष्णविवर एक-दोन लाख सौर वस्तुमानाच्या आतलं हवं. सूर्याच्या शंभरपट फुगलेला तांबडा राक्षसी तारा मात्र दहा लाखांच्या कृष्णविवरापासून ७०० कोटी किलोमीटरवरच आपलं बाहेरचं आवरण गमावू लागेल.

पायरी ४ : किती खोल गेला ते विचारा

भरती त्रिज्येला स्पर्श झाला म्हणजे तारा संपला असं नाही. भरती त्रिज्येला प्रत्यक्ष सर्वात जवळच्या अंतराने भागा. या आकड्याला बीटा म्हणतात. सूर्यासारख्या ताऱ्याचा गाभा दाट असतो. त्यामुळे संगणकीय प्रारूपांत तो पूर्ण फाटायला बीटा १.८५च्या आसपास लागतो. त्याहून कमी असेल तर बाहेरचा भाग सोलला जातो आणि गाभा वाचून पुढे निघून जातो. कमी वस्तुमानाचे, आतून एकसारखे घुसळलेले तारे मात्र ०.९च्या आसपासच पूर्ण विखुरतात. एटी २०१९ क्यूआयझेडमध्ये ताऱ्याने साधारण निम्मं वस्तुमान गमावलं असा खगोलशास्त्रज्ञ मॅट निकोल आणि सहकाऱ्यांचा २०२० मधला निष्कर्ष होता.

वेगही काढून पाहा. भरती त्रिज्येवरचा वेग म्हणजे ६१८ गुणिले (वस्तुमानांच्या गुणोत्तराचं घनमूळ). आपल्या उदाहरणात ६१८ × १०० = सेकंदाला सुमारे ६२,००० किलोमीटर, प्रकाशाच्या वेगाचा पाचवा हिस्सा. ७ कोटी भागिले ६२,००० म्हणजे हजार-अकराशे सेकंद, वीस मिनिटांच्या आत. ताऱ्याला स्वतःचा आकार सावरायला साधारण अर्धा तास लागतो. सावरण्याआधीच सगळं होऊन गेलेलं असतं. कोट्यवधी वर्षं जळत राहू शकणाऱ्या वस्तूचं भवितव्य एका जेवणाच्या वेळात ठरतं, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

पायरी ५ : अवशेषांची विभागणी आणि परत यायची मुदत

हा लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग आहे, सावकाश वाचा.

तारा खूप दूरून येत असतो, त्यामुळे त्याच्या केंद्राची एकूण ऊर्जा जवळपास शून्य धरता येते. फाटताना कृष्णविवराकडची बाजू गुरुत्वाच्या खड्ड्यात थोडी जास्त खोल असते, पलीकडची थोडी कमी. त्यामुळे आतल्या निम्म्या भागाची ऊर्जा ऋण होते आणि तो बांधला जातो. बाहेरच्या निम्म्याची धन होते आणि तो सुटतो. मार्टिन रीस यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या या चित्रावरच पुढचं सगळं काम उभं आहे. सुटणाऱ्या भागाचा वेग ६१८ गुणिले वस्तुमान गुणोत्तराचं षष्ठमूळ. दहा लाखांचं षष्ठमूळ १०, म्हणून सेकंदाला ६,००० किलोमीटरच्या वर. तो वायू परत कधीच येत नाही.

बांधलेला भाग एका सुतासारख्या लांब प्रवाहात पसरतो आणि खूप लंबगोल कक्षेत फिरून परततो. त्यातल्या सर्वात घट्ट बांधलेल्या वायूच्या कक्षेचा अर्ध-दीर्घ अक्ष (लंबगोलाच्या सर्वात लांब व्यासाचा निम्मा) असा काढा :

अर्ध-दीर्घ अक्ष = भरती त्रिज्येचा वर्ग ÷ (२ × ताऱ्याची त्रिज्या)

सूर्याच्या त्रिज्येच्या मापात : १०० चा वर्ग १०,०००, निम्मे ५,०००. ५,००० × ७ लाख = ३५० कोटी किलोमीटर = सुमारे २३.३ खगोलीय एकक. आता केप्लरचा तिसरा नियम : अक्षाचा घन भागिले वस्तुमान, त्याचं वर्गमूळ म्हणजे वर्षांत काळ. २३.३ चा घन १२,६०० च्या आसपास, भागिले दहा लाख, वर्गमूळ ०.११२. वर्षाचा एवढा अंश म्हणजे ४१ दिवस.

पहिला वायू परत यायला एकेचाळीस दिवस. हा आकडा संशोधन लेखांमध्ये वारंवार भेटतो, आणि तो आपण चार ओळींत काढला. हा काळ कृष्णविवराच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो : सॅजिटेरियस ए-तारासाठी ८५ दिवस, एक कोटीच्या कृष्णविवरासाठी १३० दिवस. तारा फाटला तो क्षण आपल्याला दिसत नाही. दिसतं ते वायू परत आल्यावरचं.

त्यानंतर वायू येण्याचा दर कमी होत जातो. स्टर्ल फिनी यांनी १९८९ मध्ये दाखवलं की तो काळाच्या उणे पाच-तृतीयांश घाताने उतरावा. काळ दुप्पट झाला की दर ०.३१ पट, आठपट झाला की बत्तिसावा हिस्सा. काळ मोजायचा तो तारा फाटल्यापासून, चमक दिसल्यापासून नाही. हौशी मंडळी आलेख जुळवताना इथेच चुकतात. आणि प्रत्यक्षातले अनेक आलेख या घातापासून ढळतात. अंशतः फाटलेले तारे, वाटेत अडकलेला वायू, उजेड वेगळ्याच ठिकाणी तयार होणं अशी त्यामागे कारणं आहेत. म्हणून जुळला नाही म्हणजे टीडीई नाही, असा निष्कर्ष काढू नका.

पायरी ६ : उजेड कुठून येतो?

नुसता वायू परत आला म्हणून प्रकाश मिळत नाही. त्याने ऊर्जा गमवायला हवी. इथे आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद मदतीला येतो : कृष्णविवराजवळून जाताना कक्षा स्वतःच वळते. आपल्या उदाहरणात तारा भरती त्रिज्येवरून गेला असेल तर दर फेरीला सुमारे ११ अंश. त्यामुळे पुढे गेलेला प्रवाह मागून येणाऱ्या प्रवाहावर आदळतो, वायू तापतो आणि हळूहळू कृष्णविवराभोवती फिरणारी चकती तयार होते.

चकतीचा आतला भाग क्ष-किरण फेकतो. पण अनेक टीडीई आधी अतिनील आणि दृश्य प्रकाशातच दिसतात. हा प्रकाश प्रवाहांच्या टकरीतून येतो, की क्ष-किरण वायूच्या पडद्यात शोषले जाऊन बदललेल्या रूपात बाहेर पडतात, यावर बराच वाद आहे. एटी २०१९ क्यूआयझेडचं महत्त्व इथे कळतं. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या झ्विकी सर्वेक्षणाने ती सप्टेंबर २०१९ मध्ये, तेज वाढत असतानाच टिपली. वर्णपटात सेकंदाला १०,००० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने बाहेर येणारा वायू दिसला. पडदा तयार होताना सापडला, असं म्हणायला हरकत नाही. माझा कल पडद्याच्या बाजूने आहे, निदान या एका घटनेपुरता.

आता ओळख पटवायची गोष्ट. सर्वात मोठा घोटाळा सुपरनोव्हाशी, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाशी, होतो. तीन गोष्टी तपासा. चमक दीर्घिकेच्या अगदी केंद्रात आहे का? सुपरनोव्हा कुठेही होऊ शकतो. काही आठवड्यांनी रंग तांबूस होत गेला का? सुपरनोव्हा थंड होत तांबूस होतो. टीडीई महिनोन्‌महिने निळा राहतो, तापमान १० ते ५० हजार केल्विनच्या पट्ट्यात. वर्णपटात हायड्रोजन किंवा हेलियमच्या खूप रुंद रेषा आहेत का? याशिवाय त्या दीर्घिकेचं केंद्र आधीपासून लुकलुकत होतं का तेही पाहा. तसं असेल तर ते नेहमीचंच सक्रिय कृष्णविवर असू शकतं. एका दीर्घिकेत टीडीई दहा हजार ते लाख वर्षांतून एखादाच होतो. त्यामुळे शंका असेल तेव्हा सुपरनोव्हाच्या बाजूने झुकणं शहाणपणाचं.

पायरी ७ : चमक विझल्यावरही पाहत राहा

पाच-सहा महिन्यांत बातम्या थांबतात, घटना थांबत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने एटी २०१९ क्यूआयझेडकडे पुन्हा पाहिलं तेव्हा तिथे क्ष-किरणांचे उसळे सापडले. पुढच्या निरीक्षणांतून ते साधारण दर ४८ तासांनी येतात हे ठरलं. या कामात इस्रोच्या ॲस्ट्रोसॅटचाही सहभाग होता. ॲस्ट्रोसॅटची सौम्य क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली आहे.

संशोधकांचं स्पष्टीकरण असं : दुसरा एखादा तारा किंवा लहान कृष्णविवर त्या मध्यवर्ती कृष्णविवराभोवती फिरतं आहे आणि अवशेषांच्या चकतीला भेदून जातं. हेही तपासता येतं. एका फेरीत दोनदा भेदत असेल तर फेरी ९६ तासांची, म्हणजे ०.०११ वर्ष. वर्ग करा, दहा लाखांनी गुणा, घनमूळ काढा : सुमारे ४.९ खगोलीय एकक. चकती मात्र सुरुवातीला भरती त्रिज्येच्या दुपटीएवढी, म्हणजे एका एककाच्या आसपास बनते. चार वर्षांत ती पसरून पाच एककांपर्यंत पोहोचली असेल तरच हे स्पष्टीकरण टिकतं. हबल दुर्बिणीच्या अतिनील निरीक्षणांतून चकती तेवढी मोठी झालेली दिसली.

सुमारे एक टक्का घटनांमध्ये प्रकाशाच्या जवळपास वेगाचे झोत सुटतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये सापडलेली एटी २०२२ सीएमसी ही अशी घटना. तिचा प्रकाश साडेआठ अब्ज वर्षं प्रवास करून आला. झोत थेट आपल्या दिशेने रोखलेला होता म्हणून एवढ्या लांबून दिसला. नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आणि लडाखमधल्या हान्लेच्या दुर्बिणी तिच्या मागावर होत्या. झोताची रेडिओ निशाणी दीर्घ काळ टिकते, त्यामुळे या कामात खोडदच्या तीस ॲन्टेनांचा मोठा उपयोग होतो.

स्वतः करून पाहा

एएसएएसएसएन-१४केओ या नावाच्या स्रोताचं कृष्णविवर सुमारे ७ कोटी सौर वस्तुमानाचं आहे आणि ते साधारण दर ११४ दिवसांनी चमकतं. एकच तारा दर फेरीला थोडा थोडा सोलला जातो, हे त्याचं भक्कम स्पष्टीकरण. कक्षा काढा. ११४ दिवस म्हणजे ०.३१२ वर्ष, वर्ग ०.०९७, ७ कोटींनी गुणून घनमूळ घेतलं की अर्ध-दीर्घ अक्ष १९० खगोलीय एकक. सूर्यासारखा तारा धरला तर भरती त्रिज्या सुमारे २ एकक. म्हणजे सर्वात जवळचं अंतर अर्ध-दीर्घ अक्षाच्या शंभराव्या हिश्श्याएवढं, कक्षा कमालीची लांबट. आता हेच गणित तारा सूर्याच्या दहापट फुगलेला आणि सूर्याइतक्याच वस्तुमानाचा आहे असं धरून करा, आणि पायरी ३ पुन्हा लावून पाहा. भरती त्रिज्या २० एककांच्या जवळ आली आणि क्षितिज दीड एककाच्या आसपास निघालं, तर तुमचं उत्तर बरोबर आहे.